तीन जुने चित्रपट आणि कामाचा हिशेब



आजचा विषय तसा घरगुती आहे. यंदा रोवणी आटोपल्यावर आम्ही काही जणांनी इथे कामठ्यातच, एकमेकांच्या घरी बसून तीन जुने चित्रपट पाहिले. १९७४ चा 'सामना', १९७७ चा 'जैत रे जैत' आणि १९८१ चा 'सद्गति'. पहिले दोन मराठी, जब्बार पटेल यांचे. तिसरा हिंदी, सत्यजित राय यांचा. पाहून झाल्यावर जे बोललो, भांडलो, त्यातून आमचं एक मत तयार झालं. ते आज तुमच्यापुढे ठेवतो. पटलं नाही तर शेवटी चर्चा आहेच.

आम्ही म्हणजे कोण, ते आधी सांगू. आमच्यात शिकवणारे आहेत, दुकानात बसणारे आहेत, आणि चिखलात वाकून पऱ्हे लावून आलेल्या बायाही आहेत. चित्रपटाचं शास्त्र कोणी शिकलेलं नाही. पण हा प्रेक्षक झाडीपट्टीच्या नाटकांवर वाढलेला आहे. दिवाळीनंतर धान घरात आला की सुरू होणारी, रात्र रात्र चालणारी नाटकं. पात्र खोटं वागलं की हा प्रेक्षक मांडवातूनच बोलतो. घरच्या टीव्हीसमोर तर त्याला कोण अडवणार? त्यामुळे हे चित्रपट आम्ही गप्प बसून पाहिले नाहीत.

सुरुवात 'सामना'पासून. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचा पहिला चित्रपट. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात गेला. हिंदुराव धोंडे-पाटील हा सहकाराच्या जोरावर मोठा झालेला पुढारी, म्हणजे निळू फुले. त्याच्या गावात एक दारुडा, कधीकाळचा गांधीवादी मास्तर येऊन पडतो, म्हणजे डॉ. श्रीराम लागू. हिंदुराव त्याला आसरा देतो, खाऊ-पिऊ घालतो, आपलं वैभव हिंडवून दाखवतो. आणि हा मास्तर एकच प्रश्न धरून बसतो, की मारुती कांबळे नावाच्या माणसाचं पुढे काय झालं?

चित्रपट आजही जुना वाटत नाही. निळू फुल्यांचा हिंदुराव ओरडत नाही, हातवारे करत नाही. उपकार करतो. सत्ता अशीच असते हे आपण सगळे जाणतो. आधी चहा येतो, मग सही मागितली जाते. हिंदुराव आणि मास्तर समोरासमोर बसून बोलतात ते प्रसंग तर मराठी पडद्यावरच्या उत्तम प्रसंगांत मोडतात, यात आमच्यात दुमत झालं नाही.

दुमत झालं ते दुसऱ्या गोष्टीवर. आमच्यातल्या एका मावशींनी विचारलं, "एवढा मोठा कारभार दाखवलन, पण तो चालवते कोण? ऊस कोण तोडते?" प्रश्न साधा, पण आम्ही अडलो. हिंदुरावचं साम्राज्य आपल्याला मालकाच्या बाजूने दिसतं, पाहुण्याला फिरवून दाखवावं तसं. ज्यांच्या हातांवर ते उभं आहे ते हात मागे राहतात. मारुती कांबळे हाही बराचसा लोकांच्या बोलण्यातून भेटतो. सत्तेची भाषा हा चित्रपट फार बारकाईने ऐकतो. कष्टाकडे तेवढ्या बारकाईने बघत नाही. आणि शेवटी सत्तेला जाब विचारला जातो तो एका माणसाच्या जाग्या झालेल्या सद्सद्विवेकामुळे. गाव बघत राहतं.

आता 'जैत रे जैत'. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, ना. धों. महानोरांची गीतं. ठाकर समाजातला नाग्या हा भगताचा मुलगा. राणीमाशी त्याचा डोळा घेते, आणि तो डोंगरावरची पोळी उतरवण्याची शपथ घेतो. नवऱ्याला सोडून आलेली चिंधी त्याची साथ करते, आणि त्या लढाईत जीव गमावते. चिंधी म्हणजे स्मिता पाटील. तिची चाल, बसणं, नजर रोखणं, सगळं बघत राहावं असं आहे. आमच्यातल्या पोरांना तीनही चित्रपटांत हाच सगळ्यांत आवडला. गाणी संपल्यावर मागे नेऊन पुन्हा लावली.

पण बघा, आपल्या जिल्ह्यात जंगल कमी नाही. नागझिरा आहे, नवेगाव आहे. मोहफूल वेचणारे, तेंदूपत्ता तोडणारे, मोहोळ काढणारे लोक आपल्या ओळखीचे आहेत. जंगलात जाणाऱ्या माणसाला मधमाशीची भीती असतेच, पण तिच्याइतकीच वनखात्याच्या शिपायाची असते, आणि माल विकायला नेल्यावर व्यापाऱ्याच्या काट्याची असते. या कथेतला झगडा मात्र माणूस आणि माशी यांच्यातला आहे. जंगल कोणाचं, मध कोणाच्या घरी जातो, हे प्रश्न कथेच्या मध्यभागी येत नाहीत. मोहोळ काढणं हे तिथे काम राहत नाही, व्रत होतं.

यावर पोरांनी हरकत घेतली, आणि ती वाजवी होती. ते म्हणाले, ही दंतकथेसारखी गोष्ट आहे, गाण्यांनी सांगितलेली. तिच्याकडे मजुरीचा हिशेब मागणं म्हणजे आंब्याच्या झाडाखाली उभं राहून जांभळं मागणं. बरोबर आहे. दंतकथा म्हणून चित्रपट सुंदरच आहे, तो आम्ही कमी लेखत नाही. आमचं म्हणणं इतकंच, की आदिवासी माणूस पडद्यावर आला की तो दंतकथेतच का येतो, हेही कधीतरी विचारावं.

आणि आता 'सद्गति'. हा राय यांनी दूरदर्शनसाठी केला. म्हणजे घरी बसून बघण्यासाठीच तो बनवलेला आहे. तासाभराच्या आतलं काम. प्रेमचंदांची कथा, आणि चित्रण छत्तीसगढात, म्हणजे आपल्या शेजारीच.

गोष्ट माहीत असेल. दुखी हा चर्मकार, म्हणजे ओम पुरी. मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून हवा म्हणून तो पंडिताकडे जातो. नुकताच तापातून उठलेला. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून गवताचा भारा घेऊन जातो. पंडित सांगतो, जरा हे झाडून टाक. मग भुसा वाहून ने. मग ते लाकूड फोड. लाकूड म्हणजे गाठीगाठींचा ओंडका. खायला काही नाही. चिलमीला विस्तव मागितला तर पंडिताची बायको निखारा दुरून फेकते. भर उन्हात घाव घालत घालत दुखी तिथेच कोसळतो आणि मरतो.

इथे आमच्या घरात एक गोष्ट घडली. दुखी लाकूड फोडत असताना कोणीतरी चहासाठी चित्रपट थांबवायला निघालं, तर दोन-तीन जण एकदम म्हणाले, थांबवू नका. कारण राय तो प्रसंग थांबवत नाहीत. घाव पडतो, लाकूड फुटत नाही, पुन्हा घाव पडतो. काम किती वेळ लागतं, कुठे दुखतं, दम कधी लागतो, ते आपल्याला बघावं लागतं. आमच्यातले ज्यांनी स्वतः लाकडं फोडली आहेत ते कुऱ्हाडीचा घाव कुठे बसतो ते पाहत होते, आणि ते खरं आहे असं म्हणाले. 'सामना'बद्दल प्रश्न विचारणाऱ्या मावशी इथे एवढंच बोलल्या, "काम करून घेतलन, भाकर तं देवाले पायजे होती."

या कामाला आपल्याकडे नाव आहे, बेगार. कामठा हे नाव जुन्या कागदांत जमीनदारीचं गाव म्हणून येतं. जमीनदाऱ्या आणि मालगुजाऱ्या १९५१ साली कायद्याने गेल्या, तेव्हा हा भाग जुन्या मध्य प्रदेशात होता. कायद्याने जमिनीचा धनी बदलला. पण बोलावलं की जायचं, काम करायचं, मजुरीचं तोंडाने काढायचं नाही, ही सवय कायद्याच्या तारखेला जात नसते. म्हणून बेगार हा शब्द इथल्या जुन्या माणसांना कोशात शोधावा लागत नाही. 'सद्गति'ची भाषा हिंदी, दिग्दर्शक बंगाली, पण आमच्या घरात तो सगळ्यांत जवळचा वाटला तो यामुळे.

त्यात एक गोंड आहे. दुखीला तो सांगतो की हे फुकटाचं काम आहे, खायला तरी माग. आणि दुखी मेल्यावर वस्तीत जाऊन बजावतो, की प्रेत उचलू नका, पोलीस चौकशीला येतील. ही भूमिका छत्तीसगढचे लोककलावंत भैयालाल हेडाऊ यांनी केली आहे. भूमिका लहान आहे, पण जंगलाकडचा हा माणूस दंतकथेतला नाही. त्याला हिशेब कळतो, आणि नाही म्हणण्याची ताकद कशात असते तेही कळतं. तो नाही म्हणायला शिकवतो, म्हणून प्रेत तिथेच राहतं, विहिरीच्या वाटेवर, पावसात. शेवटी पंडितालाच ते स्पर्श टाळत दोरीने ओढत न्यावं लागतं. पहिल्यांदा पंडिताला घाम येतो. प्रेताचं ओझं त्याला ओढावं लागतं तेव्हाच त्याला काम म्हणजे काय ते कळतं, आणि राय तेही सावकाश दाखवतात.

तीन चित्रपट लागोपाठ पाहिल्याने आणखी एक गोष्ट ध्यानात आली. तिन्हींत मोहन आगाशे आहेत आणि तिन्हींत स्मिता पाटील आहेत. आगाशे 'सामना'त मारुती कांबळे, 'जैत रे जैत'मध्ये नाग्या, आणि 'सद्गति'त तो पंडित. ज्याच्याबद्दल विचारायचं तो, आणि ज्याला विचारायचं तोही, एकच चेहरा. स्मिता पाटील 'सामना'त छोट्या भूमिकेत, मग चिंधी, आणि शेवटी दुखीची बायको झुरिया, पंडिताच्या बंद दारापुढे आक्रोश करणारी. हे चित्रपट वर्षांच्या अंतराने थेटरात पाहणाऱ्यांना ही संगती लागली असेलच असं नाही. घरी बघण्याचा हा फायदा आहे. पडदा लहान होतो, पण चित्रपट एकमेकांशेजारी येऊन बसतात.

तर आमचं मत असं. चित्रपट आपला कधी वाटतो? आपली बोली असली म्हणून? आपलं पीक दाखवलं म्हणून? बोली आली तर आनंदच आहे, झाडीबोली पडद्यावर यावीच. पण उद्या कोणी धानाच्या बांध्या आणि झाडीबोली घेऊन चित्रपट केला आणि त्यात रोवणी नुसती गाण्यामागे दोन कडवी दिसली, तर तो आपला होणार नाही. कोण कोणाकडून काम करून घेतं, त्याबदल्यात काय देतं, आणि ते काम अंगाला कसं लागतं, हे ज्याने नीट पाहिलं त्याचा चित्रपट आपला. या कसोटीवर आमच्या लेखी 'सद्गति' पहिला, 'सामना' दुसरा, 'जैत रे जैत' तिसरा. गाण्यांची कसोटी लावली तर क्रम उलटा होईल, हेही मान्य.

हे सांगण्यामागे एक कारण आहे. आज आपल्या पोरांच्या हातात मोबाइल आहे, त्यात कॅमेरा आहे, आणि ती व्हिडिओ काढतात. बांधावर उभं राहून काढतात, पिकात उभं राहून नाचून काढतात. काढू द्या. पण 'सामना'तल्या मास्तरासारखा प्रश्न विचारणारा, आणि 'सद्गति'सारखं कामाकडे न थांबता बघणारा कॅमेरा आपल्या धानपट्ट्यात अजून फिरायचा आहे. तो मुंबईहून येईल म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही. खरेदी केंद्रावर पोत्यांच्या थप्पीशेजारी रात्र काढणारा शेतकरी, राइस मिलमध्ये पाठीवर पोतं घेणारा हमाल, दिवसभर वाकून रोवणाऱ्या बाया, हे सगळं पाच कोसांच्या आत आहे. ज्याने ते पाहिलं आहे त्यानेच ते आधी टिपावं.

आता तुमच्यापैकी कोणी हे चित्रपट पाहिले असतील, आणि आमचा क्रम चुकला असं वाटत असेल, तर पुढे या. पोरांची बाजू मांडायला कोणी असेल तर त्यांना आधी बोलू द्या.