श्लेष आणि संदिग्धता

काव्याच्या प्रांतात एका शब्दातून दोन अर्थ निघाले की रसिक सुखावतो. तोच रसिक आजारी पडून औषधाची पुडी हाती घेतो, तेव्हा मात्र त्याला दुसरा अर्थ नको असतो. आमच्या घरी आलेल्या एका पुडीवर लिहिले होते, ‘रोज दोन गोळ्या, सकाळ-संध्याकाळ.’ दिवसाकाठी गोळ्या दोन की चार? वडील दोन म्हणत, आई चार. आणि दोघांपैकी कुणाचेही व्याकरण चुकत नव्हते. अखेर औषधवाल्याकडे जाऊन विचारावे लागले. गोळी एकेकच घ्यावयाची होती!

वृत्तपत्रांची तऱ्हा याहून निराळी नाही. ‘व्यापाऱ्यांची लूट’ हा मथळा घ्या. व्यापारी लुटीत आहेत, की लुटले जात आहेत? षष्ठी कर्त्यालाही लागते आणि कर्मालाही. संस्कृतातील या दुहेरी षष्ठीची नोंद पाणिनीने केव्हाच करून ठेवली आहे. पूर्ण वाक्यात क्रियापद हा घोळ निस्तरते. पण मथळ्यात जागा वाचवावयाची म्हटली की पहिला बळी जातो तो क्रियापदाचाच. ‘सोमवारपर्यंत पाणी बंद’ ही सूचनाही तशीच. सोमवारी हंडे भरावयाचे की नाहीत?

यावर कोणी म्हणेल, संदर्भाने अर्थ कळतोच की! पुष्कळदा कळतो, हे खरे. परंतु तो संदर्भ लिहिणाऱ्यापाशी असतो. वाचणाऱ्याच्या हाती नुसता कागद येतो. बोलताना ‘म्हणजे कसे?’ असे विचारता येते. कागदाला कोण विचारणार?

संदिग्धता हे भाषेचे वैभव आहे, असे अलीकडे पुष्कळ ऐकू येते. विल्यम एम्पसनने १९३० साली तिचे सात प्रकार सांगितल्यापासून तर तिला प्रतिष्ठाच लाभली. पण आपल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त श्लेषाला अलंकारांत बसविले आणि ‘संदिग्ध’ पदाला दोषांत, हे विसरू नये. श्लेषातले दोन्ही अर्थ कवीने योजलेले असतात आणि वाचकाला दोन्ही मिळतात. संदिग्ध लेखनात लेखकाच्या मनात अर्थ एकच असतो. तो कोणता, हे वाचकाने ताडावयाचे. ताडण्यात चूक झाली तर भोगावयाचे तेही वाचकानेच.

लिहून झाल्यावर लेखकाने तो मजकूर एकदा परक्याच्या डोळ्यांनी वाचावा, एवढेच मागणे आहे. ‘सकाळी एक, संध्याकाळी एक’ असे लिहावयास एकही शब्द जास्त लागत नाही.