औंढ्याच्या वेधशाळेत वेळ कोण पाळणार?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३मध्ये मंत्रिमंडळाने सुमारे २६०० कोटींची मंजुरी दिली, तेव्हापासून बोलणे होते ते चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांचे. त्या भुजांना कामाला लावणाऱ्या वेळेच्या व्यवस्थेबद्दल फारसे कोणी बोलत नाही, आणि या व्यवस्थेच्या शास्त्रातच मोठे काम शिल्लक आहे.

घड्याळांची बाजू भक्कम आहे. लायगोच्या अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन केंद्रांत जीपीएसशी जुळवलेले प्रत्येकी एक मुख्य घड्याळ आहे. त्याचा ठोका फायबरमधून शाखांकडे आणि तिथून संगणकांकडे जातो. चूक मायक्रोसेकंदाच्या आत राहते. पडताळणीसाठी ९६० आणि ९६१ हर्ट्झचे दोन सूर एकत्र सोडतात. ते सेकंदातून एकदाच एकमेकांशी जुळतात, त्यावरून नमुना नेमका केव्हा घेतला ते कळते. १४ सप्टेंबर २०१५ची गुरुत्वीय लहर लिव्हिंगस्टनला सुमारे सात मिलिसेकंद आधी पोचली, हे छातीठोकपणे सांगता आले ते या शिस्तीमुळे.

अडचण घटनांच्या क्रमात आहे. आरसे स्थिर होणे, भुजांत हिरवा लेझर जुळणे, मग मुख्य लेझर धरला जाणे: अशा पायऱ्या चढल्यावरच यंत्र ‘लॉक’ होते, म्हणजे मोजणीला तयार अशा स्थिर अवस्थेत येते. हा क्रम ‘गार्डियन’ ही प्रणाली सांभाळते. जेम्सन रॉलिन्स यांनी २०१६मध्ये तिची मांडणी प्रसिद्ध केली. तिच्यात वरचा व्यवस्थापक फक्त कोणत्या अवस्थेत जायचे ते सांगतो, वाट खालचा घटक शोधतो. रचना देखणी आहे. पण गार्डियन सेकंदाला १६ फेऱ्या करते आणि खालची मुख्य वाहिनी १६,३८४ नमुने घेते. म्हणजे वरच्याची एक फेरी होईपर्यंत खाली १०२४ नमुने निघून गेलेले असतात. मधेच लॉक सुटला तर वर कळायला उशीर होणारच. सिद्धेश्वर धरणातून पाणी सुटले म्हणून ते लगेच शेवटच्या चारीला पोचत नाही, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. वरच्या आदेशात या उशिराचा हिशेब असायला हवा.

सिद्धान्त काय देतो? रॅमेज आणि वॉनम यांनी १९८७मध्ये घटनाधारित नियंत्रणाचा पाया घातला. झोंग आणि वॉनम यांनी १९९०मध्ये विचारले, की वरच्या पातळीने दिलेला शब्द खालच्या पातळीला पाळता येतो का. ब्रँडिन आणि वॉनम यांनी १९९४मध्ये घड्याळाच्या ठोक्यालाच घटना मानले. कल्पना सुंदर, पण महाग. दहा सेकंद थांबायचे तर गार्डियनच्या गतीने १६० ठोके होतात आणि अवस्थांची संख्या हाताबाहेर जाते. ठोके वगळून वरचे चित्र सोपे करावे, तर मुदतच हरवते. पातळ्या आणि वेळ दोन्ही एकत्र पेलणारी, प्रत्यक्ष यंत्रावर सहज चालणारी पद्धत अजून रुळलेली नाही. म्हणून अभियंते अनुभवाने ‘इतके सेकंद थांब’ असे लिहितात. त्यांचे कसब मोठे आहे, पण हॅनफर्डच्या जमिनीवर ठरलेले सेकंद औंढ्याला तसेच लागू पडतील असे गृहीत धरता येणार नाही.

औंढ्यात मात्र सुरुवात कोरी आहे. प्रत्येक थांब्याचे कारण नोंदवा, प्रत्येक घटकाकडून किमान आणि कमाल वेळ लिहून घ्या. नियंत्रणशास्त्र शिकवणारी नांदेडची श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था जवळच आहे. तिथल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी हा प्रश्न यंत्रसामग्री बसण्याआधीच हाती घ्यावा.