एलिझाबेथ कॉटन यांचे गिटारवादन आणि लिपीबद्ध शिक्षणाची मर्यादा : एक चिकित्सा

नखी न वापरता केवळ बोटांनी तारा छेडून, एकाच गिटारवर खर्जाची साथ आणि सुरावट ही दोन्ही अंगे एकाच वेळी वाजविण्याच्या पद्धतीस फिंगरस्टाइल म्हणतात. या पद्धतीच्या प्राथमिक शिक्षणात अमेरिकन लोककलावंत एलिझाबेथ कॉटन यांची 'फ्रेट ट्रेन' ही रचना वारंवार योजली जाते. रचना सोपी, सुरावट चटकन लक्षात राहणारी. त्यामुळे ही निवड स्वाभाविकच म्हटली पाहिजे. तथापि ती शिकविताना जे गाळले जाते, तेच तिचे मर्म आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कॉटन यांचे बालपण उत्तर कॅरोलिनात गेले. त्या डावखुऱ्या होत्या आणि वादन स्वतःच शिकल्या. उजव्या हाताने वाजविणाऱ्यांसाठी तारा लावलेली गिटार त्यांनी तारांचा क्रम न बदलता उलटी धरली. 'फ्रेट ट्रेन' ही त्यांची बालवयातील रचना. पुढे कित्येक वर्षे त्यांचे वादन सुटले. संगीतज्ञ सीगर कुटुंबाकडे घरकाम करीत असताना ते पुन्हा सुरू झाले आणि माइक सीगर यांनी केलेली ध्वनिमुद्रणे १९५८ साली फोकवेज या संस्थेने प्रकाशित केली. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती.

गिटार उलटी धरल्याने खर्जाच्या तारा खाली आणि बारीक तारा वर येतात. परिणामी सर्वसाधारण वादक जो खर्ज अंगठ्याने वाजवितो, तो कॉटन तर्जनीने वाजवीत आणि सुरावट अंगठ्याकडे येई. वरवर पाहता ही केवळ अदलाबदल वाटते. पण अंगठा हे हाताचे सर्वांत वजनदार बोट आहे. त्याचा आघात सुरावटीवर पडल्याने तिचा प्रत्येक स्वर गोल आणि भरीव उमटतो, तर तर्जनीने आळीपाळीने छेडलेला खर्ज हलका राहून लय पुढे नेतो. मूळ ध्वनिमुद्रणातील संथ, निवांत गतीचे रहस्य बव्हंशी या वाटणीत आहे.

टॅब्लेचर या लिपीत कोणती तार, कोणता पडदा, कोणती मात्रा एवढे नोंदविता येते. आघाताचे वजन तीत उतरत नाही. शिकविण्याचा प्रचलित क्रमही असा की, प्रथम अंगठ्याचा खर्ज यंत्रवत पक्का करावा आणि मग त्यावर सुरावट बसवावी. प्रस्तुत लेखकाची सुरुवात अशीच झाली. खर्ज घड्याळासारखा चालू लागला, पण सुरावट त्याखाली दबून गेली; आणि बसविलेले सर्व स्वर बरोबर असल्याने चूक कोणाच्याच ध्यानात आली नाही. भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकांतून बंदिश शिकलेल्यास गायकी वेगळी कमवावी लागते, हा आपल्याकडील अनुभव येथे आठवल्यावाचून राहत नाही.

याचा अर्थ उजव्या हाताच्या विद्यार्थ्याने गिटार उलटी धरावी असा नव्हे. तसे अनुकरण हास्यास्पद ठरेल. ज्याचा अंगठा खर्जावर आहे, त्याने तो जाणीवपूर्वक हलका ठेवून सुरावटीच्या बोटांना वजन द्यावे, एवढीच अपेक्षा आहे. आणि ती पुरी करणे वाटते त्याहून पुष्कळ अवघड आहे.

लिपीसोबत नावही हरवते. इंग्लंडमध्ये १९५७ साली चास मॅकडेविट आणि नॅन्सी व्हिस्की यांच्या ध्वनिमुद्रणाने ही रचना लोकप्रिय झाली, तेव्हा तिच्या कर्तृत्वाचे श्रेय इतरांनी घेतले होते. आजही अनेक विद्यार्थ्यांना ती 'पारंपरिक धून' म्हणूनच ठाऊक असते. वर्गात टॅब्लेचरचा कागद वाटण्यापूर्वी १९५८ चे ध्वनिमुद्रण दोनतीनदा ऐकविले, तर रचनाकर्तीचे नाव सांगावेच लागेल. आणि एखादा विद्यार्थी निदान असे विचारील की, हा खर्ज इतका हलका कसा?