‘राष्ट्रीय’ कोणत्या भाषेत?
२० सप्टेंबर १८७८ रोजी मद्रासमध्ये सहा तरुणांनी ‘द हिंदू’ हे साप्ताहिक काढले. पहिल्या अंकाच्या प्रती अवघ्या ८०. १८८९मध्ये त्याचे दैनिक झाले. ही चिमुकली सुरुवात कौतुकाने सांगितली जाते, संस्थापक-संपादक जी. सुब्रमण्य अय्यर यांचे दुसरे पत्र मात्र तळटीपेत जाते. १८८२मध्ये त्यांनी तमिळ ‘स्वदेशमित्रन’ काढले. १८९८मध्ये ‘हिंदू’ सोडून पुढच्याच वर्षी ते दैनिक केले. पुण्यातही १८८१पासून ‘केसरी’ आणि इंग्रजी ‘मराठा’ अशी जोडी होती. तिथे लोकांच्या आठवणीत उरला तो ‘केसरी’. राज्यकर्त्यांना ऐकवायचे तर इंग्रजी, लोकांना जागे करायचे तर तमिळ, हे अय्यरांनी जाणले होते. ‘राष्ट्रीय’ ही पदवी आपण मात्र पहिल्यालाच देऊन बसलो.