साडेसोळा मिलिमीटर

छोट्या आगगाडीवर टीका करायला उंब्रजच्या माणसाइतका निःपक्षपाती दुसरा कोणी मिळायचा नाही. आमच्या गावाला रेल्वेच नाही; गाडी गाठायला मसूरला जावं लागतं!

भाच्यानं विलायतेहून आणलेले हे डबे म्हणजे लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटहून सुटणाऱ्या, १९२०च्या दशकातल्या लोकलची प्रतिकृती. पाच डब्यांना सहाच बोग्या, कप्प्याकप्प्याला स्वतंत्र दार. दाराची मूठसुद्धा जागच्या जागी. कारागिराला मुजरा!

पण जरा रुळांकडे पाहा. डबा खऱ्याच्या शहात्तरावा हिस्सा. त्या हिशेबानं रुळांत जवळजवळ १९ मिलिमीटर अंतर हवं, आहे साडेसोळा! त्या काळची मोटार इंग्रजी इंजिनाच्या अरुंद पोटात मावेना, म्हणून अंग वाढवलं, रूळ तेच ठेवले. म्हणजे सदरा थोरल्याचा, विजार धाकट्याची.

तेही चालेल एक वेळ. पण खऱ्या गाडीत कप्प्यात समोरासमोर सहा-सहा माणसं दाटीनं बसत. इथं बाकं रिकामी. मुठीचं माप अचूक, माणसांचं शून्य! माणसं म्हणे वेगळी विकत मिळतात. मग ती आधी घ्यावीत, बाबांनो. गाडी सुटत होती ती त्यांच्यासाठीच.