चेंडूंचे तळे

मॉलमध्ये काचेआड रंगीत चेंडूंचे तळे असते. त्यात दीड वर्षाच्या पुतण्याला सोडावे की नाही, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. भावजय म्हणते, सोडावे. आई म्हणते, "पोर आहे की बटाटा, ढिगात लोटायला?"

विरोधी पक्षाकडे पुरावाही आहे. २०१९ साली अमेरिकेतल्या जॉर्जियात सहा फिजिओथेरपी केंद्रांतले असलेच चेंडू तपासले, तर ३१ प्रकारचे जीवाणू निघाले. तेव्हा चेंडू कधी धुतात, हे काउंटरवरच विचारावे. उत्तराआधी माणूस छताकडे पाहू लागला, की चपला पुन्हा पायात घालाव्यात.

पण माझी खरी तक्रार जीवाणूंबद्दल नाही. ते निदान उंचावरून उड्या मारत नाहीत. आठ-आठ वर्षांचे दांडगोबा घसरगुंडीवरून थेट रांगणाऱ्यांच्या अंगावर येतात, आणि त्यांचे तीर्थरूप बाहेर बाकावर मोबाइलमध्ये मान घालून बसलेले! तासाचे भाडे भरले म्हणजे जबाबदारी संपली. अहो, पोर म्हणजे काय लॉकरातले दागिने आहेत, किल्ली फिरवून निघून यायला?

तरीही माझे मत भावजयीला. जुलैत मुंबईतली बाग म्हणजे नुसता चिखल, आणि दोन खोल्यांत पोराने धावायचे तरी कुठे? मात्र न्यावे ते आडवारी सकाळी, दांडगोबा शाळेत असताना. आणि आपणही आत उतरावे. मोजे मोठ्यांनाही सक्तीचे असतात. माझ्या डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक आहे. पुतण्याला अख्ख्या तळ्यात तेवढेच आवडते.