झेरोमची शिकवणी: क्षण कुठला निवडायचा?

गेल्या भागात बोलण्याच्या ओघात मी झाँ-लेओं झेरोमला 'गुळगुळीत ऐतिहासिक चित्रं काढणारा, इम्प्रेशनिस्टांचा वैरी' म्हणून निकालात काढलं. दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. पण त्यानंतर बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात त्याचं 'सीझरचा मृत्यू' पुन्हा पाहिलं आणि वाटलं, शिक्षक म्हणून त्याचा हिशेब वेगळा मांडायला हवा.

१८६७ मध्ये पूर्ण झालेल्या या चित्रात खून होऊन गेलाय. मारेकरी शस्त्रं उंचावत निघालेत, सीझर एका कोपऱ्यात अंधारात पडलाय. एक लठ्ठ सिनेटर अजून आसनावरच बसून आहे. मार्शल नेला गोळ्या घातल्याच्या चित्रातही तेच: प्रेत पुढे, सैनिक पाठ फिरवून चाललेत. प्रत्यक्ष घाव झेरोम टाळतो. त्याला घावानंतरची शांतता हवी असते.

हीच नजर तो शिकवायचा. फिलाडेल्फियाचा थॉमस एकिन्स १८६६ मध्ये पॅरिसला जाऊन एकोल दे बोझारमध्ये त्याचा विद्यार्थी झाला. मायदेशी परतल्यावर, १८७३ मध्ये, त्याने नाव वल्हवणाऱ्या माणसाचं जलरंगातलं चित्र गुरूला पाठवलं. झेरोमने कौतुक केलं, पण चूकही नेमकी दाखवली. वल्हं ओढतानाचा मधला क्षण घेतल्यामुळे माणूस थिजल्यासारखा दिसतोय. हालचालीच्या दोन टोकांपैकी एक निवडायला हवं होतं. एकिन्सने चित्र नव्याने केलं.

मग येतं १८७५ चं 'द ग्रॉस क्लिनिक'. शस्त्रक्रिया चालू असताना सर्जन सॅम्युएल ग्रॉस क्षणभर थांबून वळलेत. हा थांबा गुरूकडूनच आलेला, असं मला वाटतं. पण ग्रॉसच्या हाताला रक्त लागलंय, मांडीवरची जखम उघडी आहे, बाजूच्या बाईने चेहरा झाकलाय. झेरोमने जे चौकटीबाहेर ठेवलं असतं, ते शिष्याने ऐन मध्यावर आणलं. १८७६ च्या शताब्दी प्रदर्शनात या चित्राला कलादालनात जागा मिळाली नाही. ते लष्करी रुग्णालयाच्या विभागात लागलं.

झेरोमची चित्रं मला अजूनही आवडत नाहीत. त्याच्याकडे खूनसुद्धा फार स्वच्छ असतो. पण पीएचडी केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल: गाइडची मतं मागे पडतात, आणि मसुद्याच्या समासात त्यांनी विचारलेला एखादा प्रश्न मात्र आपण पुढे प्रत्येक कामात स्वतःला विचारत राहतो.